वन्संनी चादरी बाहेर घातल्या

कोर्टाचा हुकूम झाल्याचा फोन आला तेव्हा मी इस्त्री करत होते आणि आमच्या वन्सं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहीणबाई, धुलाईच्या मशीनपाशी होत्या. वकीलबाई एवढंच म्हणाल्या, "मागच्या जागेत कचरा टाकायला बंदी. आजपासूनच." मी इस्त्री उभी केली, खाली बसले आणि ढसाढसा रडले. इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

आमच्या लॉन्ड्रीमागे मोकळी जागा आहे. कुणा ठेकेदाराने तिथे बिनधास्त कचऱ्याच्या गाड्या ओतायला सुरुवात केली आणि आमच्या वाळवणाच्या दोऱ्या घरात आल्या. आमचं पोट एका प्रसूतिगृहाच्या चादरींवर. आत वाळलेल्या चादरींना कुबट वास राहायचा, आणि तिथल्या मेट्रनबाई तर प्रत्येक चादर नाकाला लावून बघणाऱ्या. बाळांच्या अंगाखाली जायची ना ती! गेल्या खेपेला त्यांनी अख्खं गाठोडं परत केलं आणि बजावलं, "आता एकदाच बघेन. नाहीतर दुसरी लॉन्ड्री." ते 'एकदाच' आज संध्याकाळी होतं.

आता आमच्या वन्संना दम धरवेल तर शपथ! उतावळ्या नवऱ्याचं बाशिंग यांच्या गुडघ्याला कायमचं बांधलेलं. माझे डोळे पुसून होईपर्यंत बाईंनी मागच्या दोऱ्या ताणल्या आणि सगळ्या ओल्या चादरी बाहेर वाळत घातल्या.

"वन्सं, जरा थांबायचं होतं."

"कोर्टाने बंद केलंय ना? मग आता कुणाच्या बापाला भ्यायचं?"

तेवढ्यात गाड्या आल्या. वन्सं चिमट्यांची टोपली घेऊन पहिल्या गाडीपुढे आडव्या झाल्या. "टाकून तर बघ! हुकूम आहे!"

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "टाकायला नाही हो ताई, उचलायला आलोय. हुकुमात तेही आहे."

वन्संनी लाजून वाट दिली. मग जेसीबीचा पंजा त्या ढिगाऱ्यात घुसला, आणि आत इतके दिवस कोंडलेली घाण अशी काही उठली की जीव नकोसा झाला. वारा नेमका आमच्या बाजूचा. आम्ही धावत चादरी ओढल्या, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. जिंकलो त्याच दिवशी गिऱ्हाईक जाणार, हे काही मला सोसवेना.

आणि मेट्रनबाई नेमक्या लवकर आल्या. वन्सं कानात कुजबुजल्या, "मशीन बिघडलं म्हण." पण मला थापा जमत नाहीत. जे झालं ते सगळं सांगून टाकलं. बाईंनी एक चादर नाकाशी नेली आणि झटकन दूर धरली. मग मागच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. भरलेली गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत तिकडेच बघत राहिल्या.

"आमच्या वॉर्डाच्या खिडक्यासुद्धा याच बाजूला आहेत," त्या म्हणाल्या. "बाळंतिणींना एकही दिवस त्या उघडू दिल्या नाहीत मी. ह्या परत धुवा. आणि वाळवायच्या बाहेरच, पण ढीग उचलून झाल्यावर."

"तोवर तुम्हाला चादरी?" मी विचारलं.

"भागवते मी. परवा येते."

वन्संनी अख्खं गाठोडं पुन्हा मशीनला लावलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तोंड मिटून काम केलं.

तिसऱ्या दिवशी जागा रिकामी होती. दोऱ्यांवर चादरी उन्हात फडफडत होत्या. मेट्रनबाईंनी पहिली चादर नाकाला लावली आणि ती खाली घेईचनात.

"अहो, बोला काहीतरी," वन्सं म्हणाल्या, "माझा जीव जाईल इथे!"

बाईंनी ती घडी करून गाठोड्यात ठेवली. दुसरी हुंगली, ठेवली. तिसरी हातात घेतली, जरा थांबल्या, आणि न हुंगताच ठेवून दिली.