दोन घेतल्यास सूट

बशा वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता आत्याबाईंनी हात थांबवला होता.

"पोरींनो, एवढंही नीट वाटून घेऊ नका. काहीतरी एकीकडेच राहू द्या. मागायला म्हणून तरी जाणं होतं."

दोघी जावा फिसकन हसल्या होत्या. थोरली म्हणाली होती, "मागायला कशाला जायचं, आत्याबाई? भांडण नाही म्हणून तर सगळं चोख." आणि खरोखरच चोख. चमचे मोजून, चादरी जोडीजोडीनं. किसणी एकच होती, तर दुसरी विकत आणून. एकाची दोन घरं झाली ती अशी, कुणाच्या डोळ्यांत पाणी न येता. जुन्या शेजारणी अजून त्यांचं उदाहरण देतात.

धाकटीला हे आठवलं ते दुकानाच्या पायऱ्या चढताना, कडेवर मुलगी आणि खांद्यावर तिच्या कपड्यांची फुगलेली पिशवी असताना. वर थोरली वाट बघत उभी होती. ती नेहमीच आधी यायची.

"किती गं उशीर! मला वाटलं, येत नाहीस आता."

"हिचा डोळा लागला होता, ताई. मधेच उठवलं की घर डोक्यावर घेते."

"आण इकडे माझी चिमणी. आईला चुगल्या करायची हौसच आहे, नाही गं?"

सेल्समन लांबूनच हसला. "आली जोडी! भांडी घासायचं मशीन ना? दोन बाजूला काढून ठेवलीयत. दोन घेतल्यास सूट, हे तुम्हाला मी काय सांगणार, आता तुम्हीच मला सांगाल."

घरं वेगळी झाल्यापासून थोरलीचा फोन यायचा तो असाच. अगं, मी मिक्सर बघतेय, दोन घेतले तर स्वस्त पडतो. मिक्सरमागून इस्त्री आली, पडदे आले, गाद्या आल्या. धाकटी दर वेळी हो म्हणाली. हो म्हटलं की एक अख्खी दुपार मिळायची. बिल होईपर्यंत, माल गोदामातून वर येईपर्यंत दोघी दुकानातल्याच एखाद्या विकाऊ सोफ्यावर टेकायच्या आणि थोरलीची गाडी सुटायची: होस्टेलला गेलेला मुलगा, स्वतःचे गुडघे, भाऊजींचं घोरणं. एका ओट्याशी दोघी उभ्या असायच्या तेव्हाचं ते बोलणं. पोट धरून तसं हसणं धाकटीला नंतर कुणाबरोबर जमलं नव्हतं. नवऱ्याबरोबरही नाही.

पण आता नवऱ्याचा ओव्हरटाइम बंद झाला होता. तिला पुन्हा नोकरी धरायची तर आधी पाळणाघराची अनामत भरायला हवी होती. गाद्यांचे हप्ते अजून चालूच. अंथरूण पाहून पाय पसरायचे म्हटलं, तर अंथरूणच फिटलं नव्हतं. बसमध्ये तिनं मुलीच्या कानात हळूच नकाराची तालीम केली होती. मुलीनं तिची बट ओढून हसून दाखवलं होतं.

सेल्समननं मशीनचं दार उघडून, खण ओढून, बटणं दाबून सगळं दाखवलं आणि पेनचं टोपण काढलं.

"मी नाही घेत, ताई."

"का गं? रंग आवडला नाही?"

"रंगाचं नाही. जमत नाहीये आता."

"एवढंच ना? पहिला हप्ता मी भरते. तू सावकाश दे."

"नको."

"अगं, एकटीनं घेतलं तर मला महाग पडेल. माझा तरी विचार कर."

ते लागलं. तुमचाच विचार करून तर आजवर घेत आले, हे अगदी ओठांवर आलं. धाकटीनं खाली वाकून मुलीचा मोजा वर ओढला, तो आधीच वर होता तरी.

"नाही जमणार, ताई."

सेल्समननं टोपण लावलं. "मग एकच करू का, वहिनी?"

थोरलीनं सोफ्याकडे पाहिलं. तिथे दुसरंच कुठलं कुटुंब बिलाची वाट बघत ऐसपैस बसलं होतं. मग ती सेल्समनकडे वळली.

"एकदा परत दाखवता का हो? पहिल्यापासून."

"आत्ताच तर दाखवलं, वहिनी."

"माझं लक्ष नव्हतं."

त्यानं पुन्हा दार उघडलं, खण ओढले. थोरली मशीनकडे बघतच नव्हती. मुलीचं पाऊल तिनं मुठीत धरलं होतं, आणि सेल्समन आटोपतं घ्यायला लागला की ती नवा प्रश्न काढत होती. मोठं पातेलं मावतं का? लाइट गेली तर? साबण कुठला लागतो, नेहमीचा चालत नाही का?

धाकटी थोरलीच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मुलीच्या तळव्यावरून तो हळूहळू फिरत होता. सेल्समननं दार लावलं, हात झटकले, आणि आता सगळं संपलं असं वाटलं तेव्हा धाकटीनं विचारलं,

"आणि याचा आवाज किती होतो?"

थोरलीनं चमकून तिच्याकडे पाहिलं. मग तोंड फिरवलं.

दोघी रिकाम्या हातांनी बाहेर आल्या.

"घरी चला ना, ताई. चहा टाकते."

"नको गं. काम ना धाम, उगाच कशाला?" थोरलीनं मुलीला परत दिलं आणि पर्सचा पट्टा नीट केला. "काही बघितलं की कळवते."

बस आली.

त्यालाही आता बरेच दिवस झाले. थोरलीनं काही कळवलेलं नाही. धाकटीनं फोन केला तर, "बरी आहे गं, ठेवते हं, दार वाजतंय." भाऊजी फिरतीवर, मुलगा होस्टेलला, त्या घराचं दार रोज वाजवतं तरी कोण, हा प्रश्न तिला दिवसभर कुरतडतो. आज थोरलीकडे जायचंच म्हणून तिनं पिशवी भरून ठेवली होती, पण सकाळपासून मुलीचं अंग तापलंय. मांडीवरून खाली ठेवू देत नाही.

तेव्हा तुम्ही त्या बाजूला राहत असाल, तर तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. पाण्याच्या टाकीमागची लांबट इमारत, सगळ्यात वरचा मजला, जिन्यालगतचं दार. बेल एकदाच वाजवा आणि थांबा. उठायला वेळ लागतो त्यांना. आत बोलावतील. बसा थोडं. आणि चेहरा कसा दिसतो, तेवढं धाकटीला कळवा.