चादर झटकायची खिडकी

“बाहेरचे कपडे आधी उतरव, मग पलंगाला टेक. आणि चादर झटकायची ती मागच्या खिडकीतून, दुसरीकडून नाही. ऐकतेयस ना पोरी?”

सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली, तरी हा आवाज घरातून गेला नव्हता. शेवटच्या दिवसांत माणसं काय काय सांगून जातात! यांनी सुनेचा हात धरून सांगितलं ते एवढंच. सून म्हणाली होती, “हो आई. शब्द दिला.”

आणि सून अशी, की शब्द दिला म्हणजे तो तिच्या पहाटेच्या प्रार्थनेशेजारी जाऊन बसायचा. तिचे नेम बरेच होते. उठल्यावर पाण्याचा पहिला घोट घेण्याआधी हात जोडायचे. आठवड्यातला एक दिवस एकदाच जेवायचं. संध्याकाळचा दिवा लागेपर्यंत कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. दिवा लागल्यावर बोलायचं असं नव्हे, पण तोवर राग आपोआप निवळलेला असायचा. त्या रांगेत पलंगाचा नेम जाऊन बसला. पुढे घरात कपडे धुण्याचं यंत्र आलं आणि चादर पलंगावरून थेट यंत्रात जाऊ लागली, तेव्हा झटकण्याचा प्रश्नच उरला नाही. शब्दाचा अर्धा भाग असा कधी गळून पडला ते तिच्या लक्षातही आलं नाही.

घराण्याचं काम पाण्याचं. डोंगरावर तळं होतं, आणि तळ्यापासून शहरापर्यंत माणसाच्या कमरेइतका जाड लोखंडी नळ आला होता. त्याच्यावर एकोणीस व्हॉल्व्ह. पहिला शहराच्या वेशीवर, एकोणिसावा तळ्याच्या तोंडाशी. सासरे, ज्यांना सगळे दादा म्हणत, पस्तीस वर्षं त्या नळाच्या कडेने रोज चालले. हातात लोखंडी सळई. तिचं एक टोक नळावर टेकवायचं, दुसरं कानाशी धरायचं आणि आतलं पाणी ऐकायचं. कुठे गळती असेल तर पाणी कुजबुजतं म्हणे. दोन वर्षांपूर्वी घसरून पडले, कमरेचं हाड मोडलं आणि दादा पलंगाचे झाले. सळई उशाशी भिंतीला टेकून उभी राहिली. आता त्यांचा मुलगा व्हॉल्व्हमन होता. तो मात्र बाराव्या व्हॉल्व्हपर्यंतच चालायचा. त्याच्या वर यंत्रं बसली होती आणि कुणी जात नव्हतं.

तो संध्याकाळी घरी आला की बूट दारात, सायकलची किल्ली खिळ्याला आणि स्वतः सरळ दादांच्या पायथ्याशी.

“उठा आधी तिथून!” ती स्वयंपाकघरातूनच म्हणायची. तिला दिसत नसे, पण पलंगाच्या फळीचा आवाज ओळखीचा होता.

“अगं, टेकलोय फक्त. बसलो कुठे?”

“चादरीला दोन्ही सारखंच.”

“मग चादर माझ्याशी बोलेल ना. तू कशाला तिची वकिली करतेस?”

दादा मिटल्या ओठांनी हसत. हसता हसता त्यांचा हात मुलाच्या विजारीवर फिरे. तिथे चिकटलेली कुसळं, काटेरी बोंडं ते एकेक करून वेचत, नाकाशी नेत, बशीत ठेवत.

“सातव्याजवळ ओल आहे का रे?”

“आहे थोडी. तुम्हाला कसं कळलं?”

“हे बघ ना, हिरवंच आहे अजून. या दिवसांत वाळायला हवं होतं. सांध्यात गळतंय कुठेतरी. सळई लाव उद्या.”

ती ते ऐकायची आणि म्हातारपणाचं बोलणं म्हणून सोडून द्यायची. बशी केराच्या डब्यात रिकामी करायची आणि चादर ओढून काढायची. आठवड्यात पाच वेळा तरी.

मग एके दिवशी दादांच्या पाठीवर लाल चट्टा उठला. मलमपट्टीला येणाऱ्या सिस्टरने स्पष्ट सांगितलं, “झोपून असलेल्या माणसाची पाठ ही. अंथरुणात धूळ नको, कुसळं तर नकोतच. ही जखम एकदा चिघळली तर निस्तरता निस्तरणार नाही.”

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला दारातच अडवलं. आवाज चढवला नाही. तिचा चढतही नसे.

“आईंना मी शब्द दिलाय. आणि आता सिस्टरही तेच सांगतेय. माझ्यासाठी नको, दादांच्या पाठीसाठी तरी.”

तो मान डोलावून न्हाणीघराकडे वळला. त्या दिवसापासून तो अंगावर पाणी घेऊन, धुतलेले कपडे घालून दादांपाशी बसू लागला. साबणाचा वास घेऊन. चादर पांढरीशुभ्र राहू लागली. पंधरा दिवसांत चट्टा मावळला.

आणि दादाही मावळू लागले.

आधी ते भिंतीकडे तोंड करून पडू लागले. मग ताटातलं अर्धं जेवण परत येऊ लागलं, मग पाऊण. मुलगा विचारायचा, “दादा, आज नवव्या व्हॉल्व्हचा चेंबर साफ केला, ऐकताय ना?” ते “हं” म्हणायचे. जणू दुसऱ्या कुणाच्या नळाबद्दल कुणीतरी बोलतंय. डॉक्टर आले, त्यांनी नाडी बघितली, छाती ऐकली.

“शरीराला काही नवीन झालेलं नाही,” ते दाराशी येऊन हळूच म्हणाले. “पण माणसाने आवरतं घेतलंय. असंच चाललं तर मी फार काही करू शकणार नाही.”

तिने दादांसाठी आणखी एक प्रार्थना वाढवली. पण हात जोडले की मनात नको तो हिशेब व्हायचा: चादर कधीपासून स्वच्छ, दादा कधीपासून गप्प. शब्द पाळल्याने कुणाचं वाईट होईल हे तिच्या मनाला पटत नव्हतं. ती डोळे घट्ट मिटून घ्यायची.

अशाच एका सकाळी तिने विळा घेतला. मागच्या खिडकीखाली, भिंतीला लागून, रान माजलं होतं. एवढ्या वर्षांत तिने तिकडे कानाडोळाच केला होता. त्या बाजूला ना दार, ना वाट. चार हात रुंदीची पट्टी आणि पलीकडे कुंपण. तिथे दोरी बांधली तर चादरी उन्हात वाळतील, असं तिच्या मनात आलं. ती वाकून कापू लागली. हातभर कापून झालं असेल, तोच आतून दादांचा खोकला ऐकू आला. लांबला. ती विळा टाकून धावली, त्यांना पाणी पाजलं, पाठ चोळली आणि श्वास शांत झाल्यावर स्वतःही तिथेच मटकन बसली. पलंगावर. मातीच्या हातांनी, रानातल्या कपड्यांनी.

तिला ते कळलं, तेव्हा दादांचा हात तिच्या बाहीवर आला होता.

त्यांनी बाहीवरचं एक काळं, आकड्यासारखं बी चिमटीत धरून उपटलं. उजेडाकडे धरलं. किती तरी दिवसांनी त्यांची मान भिंतीकडून पूर्ण या बाजूला वळली होती.

“सोळावा,” ते म्हणाले.

“काय दादा?”

“सोळाव्या व्हॉल्व्हपाशी हे उगवतं. त्याच्या अलीकडे नाही, पलीकडे नाही. तू कधी गेलीस तिकडे?”

“मी कुठे जाते? मी मागे होते. खिडकीखाली.”

दादांनी ते बी मुठीत मिटलं. मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “अजून आहे ते?”

“काय आहे?”

“तुझ्या सासूचं शेत.”

आणि मग दादा बोलले. गेल्या तीन आठवड्यांत बोलले नव्हते तेवढे एका दमात. रोज संध्याकाळी ते असेच बाहेरच्या कपड्यांत पलंगावर आडवे व्हायचे आणि रोज त्यांची बायको त्यांच्यावर तोंडसुख घ्यायची. सकाळी चादर उचलायची, मागच्या खिडकीशी जायची आणि बडबडत झटकायची. “एका वर्षी खिडकीखाली काहीतरी उगवलं. मी म्हटलं, उपटून टाकतो. तर मला म्हणाली, हात लावू नका. तुम्ही दिवसभर कुठे असता ते मला इथे उभं राहून कळतं. बाहेरच्या कपड्यांवरून भांडायची मात्र थांबली नाही हां! भांडायचीही आणि पेरायचीही. शेवटपर्यंत.”

*चादर झटकायची ती मागच्या खिडकीतून.* सासूबाईंच्या त्या वाक्याला दोन बाजू होत्या आणि तिने एकच घट्ट धरून ठेवली होती.

“दादा, मी हातभर कापलं,” ती कशीबशी म्हणाली.

“मुळं आहेत ना जमिनीत? मग येईल. गवत कुणावर रुसत नाही.” ते उठू बघत होते, उठता येत नव्हतं. पलंगावरून खिडकीतलं आभाळ तेवढं दिसायचं. “काय काय आहे गं तिथे? सांग ना.”

सांगायला तिच्याकडे नावं कुठे होती? ती बाहेर गेली. या वेळी विळा उचलला नाही, नखांनी एकेक काडी खुडली. आणि खुडताना तिने ती पट्टी पहिल्यांदा पाहिली. पिवळ्या बटणांएवढी फुलं, रेशमासारखे तुरे, जमिनीला चिकटून पसरलेली लालसर पानं, मधमाश्या, आणि एवढ्याशा जागेत एकासारखं दुसरं नाही. एवढी वर्षं ती सृष्टीच्या कर्त्याला पहाटे हात जोडत होती आणि इथे, तिच्या भिंतीपलीकडे, त्याने एका बाईच्या रागातून डोंगर उतरवून ठेवला होता. ती गुडघ्यांवर बसली. प्रार्थनेची वेळ नव्हती, तरी बसली.

आत येऊन तिने ओंजळ दादांसमोर धरली.

“अशी नको. मांड,” ते म्हणाले. “चादरीवर.”

ती क्षणभर थबकली. मग तिने मांडलं. दादा काडी हातात घेत, वास घेत, सांगत: हा दुसरा, हिला मी चिकटू म्हणतो, मोज्यात शिरते. हा पाचवा, तिथे उन्हाळ्यातही सावली असते. हा आठवा, ही लबाड, फूल दिसतं एक आणि काटे अकरा. ती काड्या पुढे-मागे सरकवत गेली. उशापासून पायथ्यापर्यंत रांग लागली. मुळांची माती पांढऱ्या चादरीवर सांडली, एक मुंगी सातव्यावरून आठव्यावर निघाली. शहराच्या वेशीपासून डोंगरापर्यंतची सगळी वाट दादांच्या पलंगावर अंथरली गेली होती, आणि ज्यांना उठून बसता येत नव्हतं ते दादा बोटाने तिच्यावरून चालत होते. अठराव्यापर्यंत.

नवरा घरी आला तो दारातच थिजला. पलंगावर रान, आणि रानाशेजारी मातीने भरलेली बायको.

“मी... कपडे बदलून येतो,” तो दबकत म्हणाला.

“नको. या, बसा,” ती म्हणाली. उठून तिने कपाटातली जाड सतरंजी काढली आणि दादांच्या पाठीपासून दूर, पायथ्याशी घातली. “इथे, याच्यावर. रोज. नंतर मी ही मागच्या खिडकीतून झटकीन.”

“तब्येत बरी आहे ना हिची?” त्याने वडिलांना विचारलं.

“काही विचारू नकोस, बस मुकाट्याने,” दादा म्हणाले. “परत सांगायची नाही. तुझ्या आईने तर मला असं बस म्हणून कधीच सांगितलं नव्हतं.”

त्या संध्याकाळी दादांनी पूर्ण ताट संपवलं आणि वर वाटीभर मागून घेतलं. ती ताट उचलू लागली तेव्हा त्यांनी पायथ्याकडच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. अठराव्या काडीच्या पुढे.

“एकोणिसाव्याची कधी आलीच नाही. तळ्याच्या तोंडाशी असते. निळी, तांदळाच्या दाण्याएवढी. तिचं बी फक्त लोकरीला धरतं. आणि मी शहाणा, चढाला घाम यायचा म्हणून लोकरीचं जाकीट चौदाव्यावर काढून ठेवायचो. तुझ्या सासूला म्हणायचो, आणीन एकदा, आणीन एकदा. ती पण रोज सकाळी बघायची खाली, आली का म्हणून. राहून गेलं गं.”

“मी आणते,” ती म्हणाली.

“तू? जाऊन येऊन दिवस मोडतो, पोरी.”

“मोडू दे. शब्द दिला.”

नवऱ्याने रात्रीच्या आवराआवरीत विचारून पाहिलं, रविवारी मी जाऊ का म्हणून. ती नाही म्हणाली. तो तिला ओळखत होता. पुन्हा विचारलं नाही.

रविवारी पहाटे तिने पाण्याचा घोट घेण्याआधी हात जोडले. दादांचा चहा झाला, गोळ्या झाल्या, जेवण झाकून ठेवलं. नवऱ्याला सुट्टी होती. तो कामाच्या विजारीतच सतरंजीवर बसला होता, आणि दादा त्याच्या घोट्याजवळचं कालचं कुसळ शोधत होते. तिने खुंटीवरचं दादांचं लोकरीचं जाकीट काढलं. बाह्या लांब होत्या, त्या दुमडल्या नाहीत. जितकी लोकर बाहेर तितकी बरी. गळ्यापर्यंत बटणं लावली. उशाशी टेकलेल्या सळईकडे तिने पाहिलं, तशी दादांनीच ती तिच्या दिशेने सरकवली.

“चौदाव्यावर खूप उकडेल,” ते म्हणाले.

“काढणार नाही,” ती म्हणाली.

तिने दार हलक्या हाताने ओढून घेतलं. वेशीवरच्या पहिल्या व्हॉल्व्हपाशी दवाने भिजलेलं गवत गुडघ्याएवढं उभं होतं. पायवाट बाजूने गेली होती. ती पायवाटेने गेली नाही, सळई टेकत गवतातून चालू लागली.