नळीखालचे ओरखडे

मी एक जुने पिस्तूल आहे आणि मी रागावलेलो आहे. मित्रांनो, राग तुमच्यावर नाही. पण जुन्या वस्तू घासूनपुसून लखलखीत करायची हौस असलेले कोणी तुमच्या घरात असेल, तर त्यांना हे मोठ्याने वाचून दाखवा.

दोनशे वीस वर्षांपूर्वी लंडनच्या एका लहानशा कारखान्यात मी घडलो. माझ्यासोबत माझा जुळा भाऊही घडला, आमच्या मुठी एकाच अक्रोडाच्या लाकडातल्या. द्वंद्वाची पिस्तुले जोडीनेच करत, म्हणजे समोरासमोर उभ्या राहणाऱ्या दोघांच्या हाती सारखेच हत्यार यावे. चाप ओढला की चकमकीचा दगड पोलादावर आपटे, ठिणगी पडे आणि दारू पेटे. कारागिराने आमच्या नळ्यांना सुंदर तपकिरी झाक दिली होती. लोक आम्हाला तळहातावर तोलून वाहवा करत.

वाहवा कशाची, ते एका सकाळी कळले. शिकारी कुत्र्यावरून भांडलेले दोन मित्र आम्हाला घेऊन कुरणात उतरले. माझा नेम चुकला. भावाचा चुकला नाही. एक तरुण दवात कोसळला तो उठलाच नाही. त्यानंतर आमची पेटी कोणी फारशी उघडली नाही.

पुढे कितीतरी घरे पाहिली. शेवटी इंग्लंडमधल्याच श्रूजबरी गावच्या एका दुकानदाराने आमची ताटातूट केली. मी मिस हेस्टर लिडिअट यांच्याकडे आलो, भाऊ डॉक्टर पॅजेट यांच्याकडे गेला. लिडिअटबाई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. हातमोजे घातल्याशिवाय मला शिवत नसत, चाप उगाच ओढत नसत. डॉक्टर दातांचे. बाई त्यांना अठरा वर्षे पत्रे लिहीत होत्या, ‘जोडी एकत्र करू या. तुमचं मला द्या, नाहीतर माझं तुम्ही घ्या.’ डॉक्टर उत्तरच देत नसत.

गेल्या एप्रिलमध्ये अचानक डॉक्टरांचा निरोप आला, येऊन पाहा. बाई मला कापडात गुंडाळून घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी पेटी उघडली. भाऊ जेवणाच्या चमच्यासारखा चकचकत होता!

“कसं दिसतंय?” डॉक्टर खुशीत म्हणाले. “पॉलिशच्या चाकावर दोन दिवस धरलं. तुमचंही ठेवून जा, तसंच करून देतो. जोडी शोभेल.”

बाईंनी मला छातीशी घट्ट धरले. “खबरदार हात लावाल तर! दात घासायची खोड अजून गेली नाही वाटतं तुमची?”

“अहो बाई, गंज होता तो.”

“गंज? कारागिराने दिलेला रंग होता! आणि नळीच्या खालचं नाव कुठे गेलं?”

“कसलं नाव? तिथे नुसते ओरखडे होते.”

“ओरखडे!” बाईंचा आवाज चिरकला. “टोबायस वेल. तेवीस वर्षांचा होता. ज्याने त्याला मारलं, त्यानेच नंतर खिळ्याने ते कोरलं होतं. दुकानात मी त्याच्यावरून बोट फिरवलं होतं, डॉक्टर. दोनशे वर्षं टिकलं आणि तुम्ही दोन दिवसांत पुसलंत!”

डॉक्टरांनी भावाला उलटे केले. चष्मा लावून पाहिले, मग चष्मा काढून बोट फिरवले. नळी काचेसारखी गुळगुळीत होती. ते खुर्चीत बसले.

“मला ठाऊक नव्हतं,” ते पुटपुटले.

“विचारलं असतंत तर सांगितलं असतं. अठरा वर्षं पत्रं लिहीत होते मी.”

मग डॉक्टरांनी पेटी बाईंकडे सरकवली. “घेऊन जा दोन्ही.”

बाईंनी आभार मानले नाहीत.

आता आम्ही शेजारी शेजारी असतो. येणारे पाहुणे आधी भावालाच उचलतात, कारण तो चमकतो. तेव्हा माझा संताप अनावर होतो. माझ्या भावाने एक माणूस मारला होता. ती लाज त्याची होती आणि ती अंगावर वागवण्याचा हक्कही त्याचाच होता. तो हक्क कोणालाही विचारल्याशिवाय घासून टाकला गेला.

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर आधी तिच्यावर काय आहे ते नीट वाचा. तेलाचा एक थेंब, मऊ कापड आणि कोरडी जागा एवढे आम्हाला पुरते. बाकी हात आवरा.