उपासाचं ताट

मेसमधलं नवं मशीन पास झालं, तर इसहाक परकारच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून ठेवलेलं बरं. पगारवाढ नव्हती, कंपनी इतकी भोळी नव्हती. मिळणार होता तो इकाम्यावरचा, म्हणजे सौदीतल्या राहण्याच्या परवान्यावरचा, एक शब्द. अबकैकच्या रस्त्याला लागून असलेल्या त्या कामगार कॅम्पची मेस इसहाक सात वर्षं चालवत होता. सामान तो मागवायचा, आचाऱ्यांना सुट्ट्या तो द्यायचा, पण इकाम्यावर त्याचा स्वतःचा धंदा लिहिला होता ‘आचारी’. आणि आचाऱ्याला बायको आणायचा व्हिसा मिळत नाही, सुपरवायझरला मिळतो. त्या शब्दाच्या पलीकडे, हर्णैला, त्याची बायको निदा बसली होती. आणि अयान, जो बाप सुट्टीवर आला की दारातूनच आत ओरडायचा, “अम्मी, पाव्हणे आले.”

मॅनेजरची अट सरळ होती. रमजान लागेपर्यंत मेसमध्ये वाया जाणारं अन्न आधीच्या पाचव्या हिश्श्यावर आलं पाहिजे, आणि जेवण कमी पडल्याची तक्रार येता कामा नये. मग तो कफीलकडे, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या सौदी मालकाकडे, शब्द टाकणार होता.

साल होतं २००९. त्या वर्षी सगळ्याच कंपन्यांना एकदम पृथ्वीची काळजी वाटू लागली होती. मंदीत खर्च कापायला पृथ्वीइतकं भारदस्त कारण दुसरं सापडत नाही. खोबर शहरातल्या ऑफिसातून पंकज नावाचा पुण्याचा इंजिनियर एक कॉम्प्युटर घेऊन आला आणि तो त्याने इसहाकच्या केबिनमध्ये, तांदळाच्या पोत्यांना पाठ लावून बसवला.

“हे न्यूरल नेटवर्क, इसहाकभाई. नवीन पोऱ्या ठेवल्यासारखं समजा. आधी नुसतं बघणार. कोणत्या दिवशी कोण जेवलं, काय शिजलं होतं, वाळूचं वादळ होतं का, पगार झाला होता का. मग रोज दुपारी सांगणार, आज रात्री इतकी ताटं लागतील.”

“आनी चुकला तर?”

“तर शिकणार. पोऱ्याला ओरडावं लागतं, याला नाही. एवढाच फरक.”

बघण्याचं साधन होतं कार्ड. ताट घेताना प्रत्येकाने दारातल्या यंत्रावर कार्ड मारायचं. मारलं की पगारातून चार रियाल कापले जायचे. नाही मारलं तर ते त्याचे. नेटवर्क झपाट्याने शिकलं. क्रिकेटची मॅच असली की माणसं उशिरा येतात, पगाराच्या दिवशी निम्मी गावात जाऊन शोरमा खातात, हे त्याला महिन्याभरात कळलं. चुकत होतं ते एकाच बाबतीत. मध्येच एखाद्या मंगळवारी, नाहीतर भलत्याच दिवशी, साठ-सत्तर माणसं जेवायलाच यायची नाहीत आणि पातेली भरलेली राहायची. पंकजने डोकं खाजवलं. पुण्याचा असून त्याच्या लक्षात आलं नाही. घरात त्याच्या आईचे उपास आईच सांभाळत असणार.

इसहाकच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. कॅम्पातली निम्मी माणसं चिपळूण, गुहागर, खेडची. फिटर, वेल्डर, क्रेनला सामान बांधणारे रिगर. संकष्टी, एकादशी, गुरुवार, श्रावणी सोमवार, जो तो आपापला. भिंतीवर मराठी कॅलेंडर होतंच. इसहाकने ते खिळ्यावरून काढून कॉम्प्युटरशेजारी मांडलं, आणि हर्णैच्या एका मुसलमानाने एका पुणेकराला बसवून वर्षभराच्या तिथी सांगितल्या. पंकजने त्या एकेक करून मशीनला पक्क्या बांधून दिल्या.

“भाई, तुम्ही तर भटजी निघालात.”

“सात वर्षं उरलेला भात टाकतोय. कोन कवा उपाशी, मला नाय म्हाईत तर कोनाला?”

टाकतोय, हे काही खरं नव्हतं. आणि इथेच इसहाकचा हिशेब चुकला.

कॅम्पच्या मागच्या कुंपणापलीकडे दुसऱ्या एका कंत्राटदाराचा कॅम्प होता. कंत्राटदार मंदीत बुडाला आणि कफील फोन उचलेनासा झाला. मागे तीसेक माणसं राहिली, इकामे संपलेली, पगार अडकलेले. बाहेर पडावं तर पोलीस धरणार, घरी जावं तर कफीलच्या सहीशिवाय एक्झिट नाही. त्यांच्यातला मुनाफ म्हाप्रळकडचा, म्हणजे इसहाकच्या बाजूचाच. रोज संध्याकाळी तो मागच्या गेटाशी एक मोठं पातेलं घेऊन उभा राहायचा, आणि कंपनीच्या कागदावर ‘वाया’ म्हणून लिहिलेलं अन्न झाकण लावून त्याच्या हातात जायचं. नियमात बसत नव्हतं. बाहेरच्याला अन्न देणं बंद, त्यातून इकामा संपलेल्याला तर अजिबातच. पण वाया गेलेल्या भाताचं पुढे काय होतं, हे विचारायला कोणी येत नसे.

त्यामुळे एका कॅम्पचे उपास ते दुसऱ्या कॅम्पचे सण, असं होऊन बसलं होतं. संकष्टी कधी आहे, हे मुनाफला कॅम्पातल्या पक्क्या उपासकऱ्याच्या, विश्वनाथ फिटरच्याही आधी माहीत असायचं.

तिथी मशीनला कळल्या, त्यानंतरच्या पहिल्या संकष्टीला मुनाफ पातेलं घेऊन आला. सोबत दुसरं रिकामं पातेलंही आणलं होतं.

“आज संकष्टी ना, इसहाकभाय?”

“हाय.”

“मंग?”

इसहाकने झाकण उघडून दाखवलं. तळाला दोन वाट्या डाळ. “मशीनला कळली रे संकष्टी.”

“कुनी सांगितली?” मुनाफने विचारलं.

इसहाकने डाळीचं भांडं पुढे केलं. मुनाफने डाळ एका पातेल्यात घेतली, दुसरं उपडं डोक्यावर धरलं, वाळू उडत होती म्हणून, आणि गेला. गेटाशी बिडी ओढत उभा असलेला विश्वनाथ फिटर ते ऐकत होता. तो बोलला काहीच नाही. विश्वनाथ बोलत नाही म्हणजे काहीतरी शिजतंय, हे कॅम्पात सगळ्यांना ठाऊक होतं. इसहाकला तेवढं त्या दिवशी सुचलं नाही.

मशीनने अन्नाची नासाडी पाचव्या हिश्श्यावर आणून दाखवली. मॅनेजर खूश होता. इसहाकने निदाला फोनवर सांगून टाकलं की अयानच्या शाळेचा दाखला काढून ठेव.

मग श्रावण लागला. पहिल्या सोमवारी मशीनने दुपारी आकडा दिला, उपासाचे साठ वजा करून. इसहाकने तेवढंच शिजवलं. आणि संध्याकाळी रांगेत सगळ्यात पुढे विश्वनाथ, कपाळाला गंध, हातात स्टीलचा डबा. मागे सगळे उपासकरी.

विश्वनाथने कार्ड मारलं. “भरा.”

“सोमवार हाय,” इसहाक म्हणाला.

“ठाव हाय.”

“कोंबडी हाय.”

“मी इचारलं काय?”

मागून भिकू रिगर म्हणाला, “लेग पीस द्या त्याला, इसहाकभाय. म्हादेवानं ह्या साली सूट दिलीय.” रांग हसली.

रात्रपाळीवाल्यांसाठी डब्यात जेवण नेता येत असे, त्यामुळे अडवायला नियम नव्हता. डबे भरून निघून गेले. पण शेवटी आलेल्या साठेक जणांना नुसती डाळ आणि खुब्जची रोटी मिळाली, आणि त्यांनी रीतसर आरडाओरडा केला. पंजाबी ड्रायव्हरांनी लेखी तक्रार करायची भाषा केली. इसहाकने त्यांना अंडी तळून देऊन कसंबसं शांत केलं.

जेवणं आटोपल्यावर तो विश्वनाथच्या खोलीत गेला. विश्वनाथ कॉटवर बसून राजगिऱ्याचा लाडू खात होता. डबा रिकामा, धुऊन पालथा घातलेला.

“कोंबडी कुटं गेली?”

“कुंपनापल्याड.”

“विश्वनाथ, एक तक्रार वर गेली ना, माजा खेळ खलास. माजी बायको यायची हाय.”

“येवू देत ना. आमी काय इमान अडवलंय?” विश्वनाथने लाडवाचा चुरा तळहातावरून तोंडात टाकला. “मी उपास धरला का नाय, ते देव बघंल. मशीनला कशाला सांगायचं? माझं कार्ड, माझे चार रियाल. ताट माझं, कुनाला बी देईन. आदी तुमी फुकट देत व्हता, आता आमी इकत घेऊन देतो. तुमाला त्रास काय झाला?”

“जेवन कमी पडला ना.”

“मंग जास्त शिजवा.”

“आकडा मशीन देतं.”

“आनी मशीनला कोन देतं?”

केबिनमध्ये येऊन इसहाक फोनशेजारी बसला. एक फोन गेटवरच्या सिक्युरिटीला केला की काम होतं. बाहेर डबे जातायत एवढंच सांगायचं. पुढच्या सोमवारपासून उपासकरी उपाशी, मशीन बरोबर आणि इकाम्यावर नवा शब्द. त्याने रिसीव्हर उचलला, खाली ठेवला, परत उचलला.

मग त्याने दुसऱ्या बाजूनेही आकडेमोड केली. कार्ड मारून वाढलेलं ताट हे वाया गेलेलं धरत नाहीत, ते खाल्लेलं. म्हणजे मशीनने उपास विसरला, तर शिजलं तेवढं खपलं, नासाडी शून्याकडे, तक्रार नाही, आणि कुंपणापलीकडचीही सोय. फक्त पंकजला सांगायला काहीतरी खोटं लागणार. खरं सांगितलं तर पहिली नोकरी इसहाकचीच जायची. या निर्णयात दया किती आणि हिशेब किती, हे इसहाकनेही नंतर कधी वेगळं करून बघितलं नाही. त्याने खोबरला फोन लावला.

“पंकजसाब, त्या तिथी काढून टाका.”

“का? तुम्हीच तर दिल्यात. त्यांच्यावर आकडे इतके छान बसले होते.”

“बसले व्हते. आता लोक उपास करीत नायत.”

“सगळेच एकदम?”

“गल्फ हाय. मानूस बदलतो.”

पंकज मूर्ख नव्हता. पण त्याच्या साहेबांनाही रमजानच्या आधी आकडे हवे होते. “सही तुमची लागेल, भाई. उद्या पुन्हा उपास सुरू झाले तर मला सांगायचं नाही.”

“सुरू व्हनार नायत,” इसहाक म्हणाला. श्रावणात, कोकणातल्या साठ माणसांच्या वतीने, त्याने हे लिहून दिलं.

पुढचे सोमवार सुरळीत गेले. मशीन पूर्ण आकडा देई, इसहाक पूर्ण शिजवी, उपासकरी गंध लावून कोंबडी नेत. मागच्या गेटाशी मुनाफचं पातेलं भरे. कुंपणापलीकडच्यांना पूर्वी उरलंसुरलं मिळे, आता गरम मिळू लागलं. मुनाफने एकदा मीठ जास्त झाल्याची तक्रारही केली.

रमजान लागला आणि मशीन पास झालं.

त्या महिन्यात इसहाकला वाटलं, आपलाही रोजा आहे, आपणही दुपारचं ताट मुनाफकडे इफ्तारीसाठी पाठवावं. पण मेसच्या स्टाफला जेवण फुकट होतं, कार्डच नव्हतं; कार्डाविना ताट म्हणजे नासाडी. त्याने विश्वनाथला पैसे देऊ केले. विश्वनाथने घेतले नाहीत.

“ऱ्हाऊ द्या, इसहाकभाय. तुमाला आता बिऱ्हाड मांडायचंय.”

आता या सगळ्याची किंमत कोणाला काय पडली ते. कंपनीला काही पडलं नाही. उलट ताटं वाढली म्हणून चार-चार रियाल जास्त कापता आले. पंकजने खोबरच्या एका सभेत हिरव्या रंगाच्या स्लाइडी दाखवल्या. त्यातल्या एकीवर होतं की यंत्रणा बसवल्यापासून कामगारांचा आहार सुधारला, न जेवण्याचं प्रमाण जवळजवळ नाहीसं झालं. टाळ्या झाल्या. मुनाफ आणि मंडळींना हिवाळ्यात एम्बसीच्या खटपटीने एक्झिट मिळालं. त्यांना पडायचं ते आधीच पडून झालं होतं. इसहाकला पडलं एक खोटं वाक्य, सहीसकट. डिसेंबरात निदा दम्मामच्या विमानतळावर उतरली, आणि अयान बापाशी इंग्रजीत बोलायला लागला.

राहिले उपासकरी. भिकूने सिगारेटी कमी केल्या. विश्वनाथ सिगारेट ओढत नव्हता आणि बिडी त्याला भिकू देई. त्याचे उपासाचे वाचलेले रियाल जायचे फोनच्या कार्डात. ते कार्ड दर गुरुवारी संध्याकाळी घरी बोलण्यात संपायचं. त्या श्रावणापासून कार्डापुरते पैसे एक गुरुवार आड करूनच जमू लागले. चिपळूणच्या वरच्या वाडीत त्याची बायको सरोज, मोबाइलला रेंज पडवीच्या पायरीवरच येते म्हणून, दर गुरुवारी तिथे फोनची वाट बघत बसायची. तिला कोणी काही विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. अंधार पडेपर्यंत बसून ती उठायची आणि आत जाऊन चुलीवर भात टाकायची. बिल गेलं ते तिच्या नावावर.