छापील साक्ष

"पाळकबाबा, मी तान्ही असताना आजीच्या चर्चमध्ये माझ्या कपाळावर पाणी शिंपडलं, तेव्हा माझ्या वतीने 'विश्वास आहे' असं मावशी म्हणाली होती. ते खोटं धरायचं का?"

बाप्तिस्म्याच्या वर्गात सगळ्यांसमोर हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. टकळीने विचारलं. तोंडाला कुलूप नाही म्हणून घरच्यांनीच ठेवलेलं हे नाव. गेल्या वर्षापर्यंत ती त्यावर चिडायची, आता मिरवायची.

मागच्या बाकावर खसखस पिकली. पाळकांनी चष्मा पुसला. "खोटं नाही गं बाळा, पोकळ. तान्ह्या पोराला काय कळतं? विश्वास ज्याचा त्याने समजून उमजून, स्वतःच्या तोंडाने कबूल करायचा. म्हणून तर रविवारी तू पाण्यात उतरणार."

उत्तर चोख होतं. टकळीला पटलंसुद्धा. पण लगेच पाळकांनी सगळ्यांना एकेक कागद वाटला. "ही तुमची साक्ष. पाण्यात उतरण्याआधी सगळ्यांसमोर म्हणायची. पाठ करून या. अडखळायचं नाही हं!"

कागदावर छापलं होतं, 'मी, (इथे नाव लिहा), पापाच्या चिखलात लोळत होतो/होते. वाईट संगतीने माझा नाश केला होता.'

टकळीने मान वळवून आपली वाईट संगत पाहिली. दोघीजणी, त्यातल्या एकीच्या दातांना तारा.

घरी रोजची कुस्ती चालूच होती. बाबा प्लंबर. चर्चच्या व्यासपीठाखालची बाप्तिस्म्याची टाकी त्यांनीच बसवलेली, त्यामुळे बुडवण्यावर त्यांचा भारी जीव. आईच्या माहेरी मात्र पिढ्यान्‌पिढ्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडत आलेले, आणि मोठेपणी 'दृढीकरणा'च्या विधीत तोच विश्वास त्याच्याकडून कबूल करून घेत आलेले. आई शिवणकाम करायची. आत्ताही ओठ घट्ट मिटून ती लेकीचा पांढरा झगा शिवत होती. पाण्यात वर तरंगू नये म्हणून त्याच्या काठात लोखंडी चकत्या घालत होती.

"तीन थेंब!" बाबा म्हणाले. "गळका नळसुद्धा याहून जास्त देतो."

"मग आत्म्याचं तारण लिटरवर मोजा," आईने कचकन दोरा तोडला. "आणि माझ्या आईला तुम्हीच सांगून या, नातीला पुन्हा धुवायला काढलीये म्हणून."

"पहिल्यांदा धुतली कुठे होती?"

टकळीने कागद पुढे सरकवला. "बाबा, हे कुणी लिहिलं?"

बाबांची छाती फुगली. "मी आणि पाळकांनी मिळून. तीन वर्षं हाच कागद चालतोय."

"म्हणजे तीन वर्षं सगळे एकाच चिखलात लोळले? आळीपाळीने?"

आई फिस्सकन हसली. पोरगी आपल्या बाजूला आली असं वाटून तिला भलताच जोर चढला. "बघा! आमच्याकडे निदान असली नक्कल नाही."

"आई, मावशीच्या हातात काय कोरा कागद होता? पुस्तकात बघूनच म्हणाली ना ती? आणि दृढीकरणाची प्रश्नोत्तरं तू माझ्याकडून तिसरीतच घोकून घेतलीस. अर्थ विचारला तर म्हणालीस, मोठेपणी कळेल."

आईचं हसू विरलं.

गंमत म्हणजे टकळीला खरंच पाण्यात उतरायचं होतं. बसची वाट बघताना ती देवाशी बोलायची, कुणी न शिकवता. भांडायचीसुद्धा. त्या बोलण्यातलं एक वाक्य या कागदावर असतं, तरी तिने तो मुकाट पाठ केला असता. आणि एवढी मोठी माणसं भांडत होती कशावरून, तर पाणी किती!

"आता दोघंही ऐका," ती म्हणाली. "रविवारी मी टाकीत उतरणार नाही. आजीच्या चर्चमध्ये दृढीकरणालाही उभी राहणार नाही. माझी साक्ष मी लिहीन, मला जमेल तेव्हा. जिथे ती माझ्या शब्दांत ऐकून घेतील, तिथेच मी बाप्तिस्मा घेईन. आणि पाळकबाबांना हे तुम्ही सांगायचं नाही. मी सांगणार, उद्याच."