मला दोनच आकडे येतात

सन दोन हजार एकोणीस, मे महिना, उन्हाळा ऐन भरात. तेव्हा मला लिहिलं. मी म्युटेक्स, म्हणजे कुलूप. एका हौशी माणसानं जेवणाच्या टेबलावर बसून संगणकाची आख्खी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली, तिच्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या कपाटात, मी असतो. शिक्षण दोन आकड्यांचं. शून्य म्हणजे मी मोकळा, एक म्हणजे कुणीतरी मला घेतलंय. एवढ्यावर माझं कधी अडलं नाही.

प्रोग्रॅममध्ये थ्रेड नावाचे कामकरी असतात, एकाच वेळी राबणारे. दोघांनी एकाच वस्तूला हात घालू नये म्हणून आधी मला घ्यायचं, काम उरकायचं, मला सोडायचं.

हा माझा मालक पेशानं नकाशे काढणारा. बायको दातांची डॉक्टर. दोन वर्षांनी त्यानं तिच्या दवाखान्यात पेशंटना नंबर देणारं यंत्र बसवलं, आपल्याच सिस्टिमवर. एक बटण दाराशी, एक काउंटरवर, दोघांना एकेक थ्रेड. मला घेतलं नाही. म्हणे, एकाच क्षणी दोघं कशाला दाबतील?

पहिल्याच शनिवारी दाबलं. दोन्ही थ्रेडनी सोळा वाचला, दोघांनी एक मिळवला, दोघांनी सतरा छापला.

"काका, सतरा माझा आहे."

"मग माझा काय सोळा दिसतो? चष्मा लावा."

"चष्मा कसला लावायला सांगता, इथं दाढ ठणकतेय."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "दोन वर्षं हेच लिहीत होतास? पुढच्या शनिवारपर्यंत वेळ देते. नाहीतर हे घरी ने, मी हातानं चिठ्ठ्या लिहीन."

यंत्र घरी गेलं असतं तर त्याला पुन्हा कुणी हात लावला नसता. मालकानंही नाही. तेव्हा कुठे त्याला माझी आठवण झाली, आणि नंबर काढण्याआधी मला घ्यायचं असं त्यानं दोन्ही थ्रेडना लिहून दिलं.

दुसऱ्या शनिवारी अकरापर्यंत ठीक चाललं. मग सगळं गोठलं.

"कुलूपच खराब दिसतंय," मालक म्हणाला.

झालं होतं ते असं. काउंटरच्या थ्रेडनं मला घेतलं, छापायला गेला, कागद संपलेला पाहिला आणि तसाच माघारी फिरला, मला खिशात घालून. दाराचा थ्रेड वाट बघत उभा. थोड्या वेळानं काउंटरचाही मला मागायला आला. मी त्याच्याच खिशात. तोही रांगेत उभा राहिला.

काउंटरवरच्या मावशींनी कागदाचं नवं रीळ घातलं होतं. "मघाशी कागद संपला ना, तेव्हापासून रुसलंय," त्या म्हणाल्या.

मालकानं मान वर केली. लॅपटॉप उघडला. कागद संपला तर माघारी फिर, असं त्यानं लिहिलं होतं. मला सोड, हे लिहायचं राहिलं होतं. त्यानं ती ओळ घातली. माफीबिफी नाही.

"रीळ काढा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला बघू दे."

मावशींनी रीळ काढलं, बटण दाबलं. थ्रेडनं मला घेतलं, कागद नाही हे पाहिलं, आणि माघारी फिरण्याआधी मला सोडलं. मी पुन्हा शून्य.