पाडकामाच्या बिलावर हरकत

मी भांडकुदळ आहे, हे आधीच कबूल करते. पण नगरपालिकेशी भांडायला मी आपणहून गेले नव्हते.

घरामागची खोली माझ्या नवऱ्याने बांधली होती. तिथे बसून तो फोटोंच्या फ्रेम करायचा. तो गेल्यावर तीन वर्षांनी तिची भिंत रस्त्याकडे कलली आणि नोटीस आली : तीस दिवसांत पाडा, नाहीतर आम्ही पाडू आणि खर्च तुमच्याकडून वसूल करू. परक्यांनी त्या खोलीवर घण घातलेला मला बघवला नसता. म्हणून मी आणि माझे दीर, आम्हीच ती उतरवली. दीर म्हणजे दहा विटांमागे एक सल्ला आणि वीस विटांमागे एक चहा. तरी सत्ताविसाव्या दिवशी जागा साफ झाली.

एकतिसाव्या दिवशी सकाळी पालिकेचा मुकादम सहा माणसं आणि ट्रक घेऊन दारात हजर. मी पदर खोचून बाहेर आले.

"आले आयत्या बिळावर नागोबा! पाडायला काही उरलं नाही, निघा इथून. चोर कुठले!"

अख्खी गल्ली बघत होती. मुकादमाने आम्ही रचून ठेवलेल्या विटा पाहिल्या, वहीत काहीतरी लिहिलं आणि माणसं घेऊन गेला.

दोन महिन्यांनी पाडकामाचं बिल आलं. मी ते फाडून फेकलं, हा माझा मूर्खपणा. बिल थकलं म्हणून घरावर बोजा चढवला आणि पुढचं पत्र आलं ते थेट लिलावाचं. मग मात्र मी धावत जाऊन हरकतीचा अर्ज दिला.

सुनावणीला अधिकाऱ्याने एक कागद पुढे सरकवला. काम पूर्ण झाल्याचा, खाली मुकादमाची सही.

"तुमच्याकडे काय पुरावा आहे?"

माझ्याकडे फक्त दीर होते. ते म्हणाले, "साहेब, माझी पाठ अजून दुखतेय." कोणी हसलं नाही. राहतं घर गेलं तर या वयात कुणाच्या दारात जाऊन उभी राहू?

अधिकाऱ्याने मुकादमाला आत बोलावलं. मला वाटलं, संपलं. ज्याला भर रस्त्यात चोर म्हटलं, तो माझ्या बाजूने कशाला बोलेल?

"सही माझीच आहे, साहेब," तो म्हणाला. "पण काम आम्ही केलं नाही. ताईंनी आधीच खोली उतरवली होती. आणि काय उतरवली होती! एक वीट फुटलेली नव्हती."

"मग सही कशी?"

"बारापर्यंत कागद ऑफिसात पोचला नाही तर माणसांची हजेरी लागत नाही. काम सोडून कोण परत येणार? म्हणून सकाळी निघतानाच आम्ही सही करून कागद ऑफिसात ठेवतो. सगळेच मुकादम ठेवतात. त्या दिवशीचा कागद परत घ्यायचा राहून गेला." त्याने वही उघडली. 'काम नाही. मालकिणीने स्वतः पाडले.'

बोजा तिथल्या तिथे रद्द झाला. आणि कामाआधी सही केली म्हणून मुकादमाला तिथल्या तिथे कारणे दाखवा नोटीस.

बाहेर येऊन मी रडायलाच लागले. नुसतं 'हो' म्हणाला असता तर त्याचं काहीच बिघडलं नसतं.

"भाऊ, माझ्या जिभेला हाड नाही. त्या दिवशी नको ते बोलले. तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही."

"जाऊ द्या, ताई. घर पाडायला आलेल्याला कोण या-बसा म्हणतं?"

"आणि नोटिशीचं?"

"कापतील पंधरा दिवसांचा पगार. बघू."

तो निघून गेला. आम्ही अर्धा जिना उतरलो आणि मी मागे वळले.

"वहिनी, आता कुठे?"

मी तडक अधिकाऱ्याच्या टेबलापाशी गेले. "साहेब, एक कोरा कागद द्या."

"आता कशाला? तुमचं काम झालं ना?"

"माझं झालं," मी खुर्ची ओढून बसले. "आता मुकादमांच्या नोटिशीवर हरकत घ्यायची आहे."